खसखशीएवढा सूर्य

बँकेत माणसापेक्षा त्याच्या फोटोला मान जास्त. खातेदार साक्षात समोर उभा असतो, हळद विकून थेट बाजारातून आलेला, घामाने निथळणारा, हातात पिशवी घट्ट धरलेला. पण फॉर्मावर फोटो चिकटवलेला नसेल तर आमच्या लेखी तो इसम अजून जन्माला यायचा आहे. या खुर्चीवर बसून मी इतके फोटो पाहिले आहेत की, एखाद्या चित्रकलेच्या मास्तरने पाहिले नसतील. त्यातले निम्मे काळेठिक्कर असतात आणि उरलेले पांढरेफटक. एकदा एका म्हातारीच्या फॉर्मावर असाच एक पांढराफटक चौकोन होता. मी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, "मावशी, हे तुम्हीच का?" म्हातारी फोटो निरखून बघत म्हणाली, "मीच हाय बाबा. फोटोला ऊन लागलंय जरा."

फोटोला ऊन लागणे! प्लेटवर प्रमाणाबाहेर उजेड पडणे या प्रकाराला फोटोवाल्यांच्या पुस्तकांत पानंच्या पानं खर्ची पडली आहेत, पण इतका नेमका शब्दप्रयोग मला कुठे सापडला नाही. मी मुकाट्याने फॉर्मावर शिक्का मारला. मारावाच लागला, कारण फोटोला ऊन लावण्याचा गुन्हा मी स्वतः वयाच्या पंधराव्या वर्षी केलेला आहे, आणि तोही सख्ख्या आजीच्या फोटोला.

त्याचं असं झालं. आमचं गाव डोंगरकडा. नांदेडहून हिंगोलीकडे निघालात की वाटेत फाटा लागतो. तालुका कळमनुरी. मी जन्मलो तेव्हा जिल्हा परभणी होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला आणि आम्ही जागचे न हलता जिल्हा बदलला. आजीचा विक्रम याहून मोठा. ती निजामाच्या राज्यात जन्मली, १९४८ साली त्या राज्यातून सुटली, १९५६ साली मुंबई राज्यात गेली, १९६० साली महाराष्ट्रात आली, आणि एवढा सगळा प्रवास तिने स्वयंपाकघराचा उंबरठा न ओलांडता केला. या साऱ्या काळात तिचा एकही फोटो निघाला नव्हता. लग्नात फोटो काढायची रीत नव्हती. पुढे ओळखपत्रांसाठी फोटोवाले गावात आले तेव्हा ती नेमकी लेकीकडे बाळंतपणाला गेलेली. ग्रूप फोटो निघायचा तेव्हा ती चुलीपाशी असायची, कारण ग्रूपला जेवायला घालायचं असायचं.

१९९५ च्या दिवाळीला मामा नांदेडहून आला तो गळ्यात कॅमेरा अडकवून. आग्फा क्लिक थ्री. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : काळा, टणक, साबणाच्या डबीपेक्षा जरा मोठा डबा. एका रोलमध्ये बारा फोटो. पाठीवर एक लाल खिडकी, तिच्यातून रोलच्या कागदावरचा आकडा दिसायचा. शटरचा वेग कारखान्यातूनच ठरून आलेला. आपल्या हातात फक्त एक खटका, त्याच्या एका बाजूला सूर्याचं चित्र नि एका बाजूला ढगाचं. म्हणजे आकाशात जे असेल ते खटक्यावर लावायचं, बाकी देवावर सोडायचं. मामाने आणलेला रोल होता चारशे स्पीडचा. "दुकानात तेवढाच होता," म्हणाला. मला वाटलं, शंभरपेक्षा चारशे केव्हाही चांगला; परीक्षेत नाही का?

त्या दिवाळीच्या अमावस्येला, २४ ऑक्टोबरला, सकाळी सूर्यग्रहण होतं. राजस्थान, उत्तर प्रदेश, बंगाल अशा पट्ट्यात खग्रास, आमच्याकडे खंडग्रास. सगळ्या देशात दूरदर्शनसमोर बसून ग्रहण बघायचा तो पहिलाच मोठा सोहळा असावा. आमच्या घरात मात्र सूतक. आदल्या रात्रीपासून चुलीला विश्रांती, लोणच्याच्या बरणीवर दर्भ, चकल्यांच्या डब्यावर तुळशीपत्र, पाण्याच्या रांजणावर तुळशीपत्र. फक्त टीव्हीवर तुळशीपत्र ठेवायचं राहिलं होतं.

मी कॅमेरा उचलून गच्चीवर निघालो तेव्हा आजीने जिन्यातच अडवलं.

"काय करायलास रे तिथं?"

"ग्रहणाचा फोटो काढायलोय."

"गिराणाचा फोटू? अरे, त्याच्यावर संकट आलंय, आन् तू त्याचा फोटू काढतूस? तुह्या बापाचा हात मोडला तवा काढला व्हता का कुणी फोटू?"

काढला होता. अण्णांच्या मोडलेल्या हाताचा एक्स-रे माझ्या दुसऱ्या हातात होता. त्याच्यातूनच मी सूर्य बघणार होतो. (तेव्हा सगळेच बघायचे. एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्य पाहणं डोळ्यांना मुळीच सुरक्षित नाही, हे मला पुढे कळलं. कुणी करू नये. माझा चष्मा मात्र ग्रहणाचा नव्हे, लेजरचा आहे.)

तर गच्चीवर जाऊन मी लेन्सपुढे एक्स-रे धरला आणि सूर्याचे एकामागून एक आठ फोटो काढले. उजेड कमी झाल्यासारखा वाटला म्हणून मोठ्या हुशारीने खटका सूर्यावरून ढगावर सरकवला. तीन फोटो अण्णांनी, मामाने आणि मांजराने मिळून संपवले. उरला बारावा. ग्रहण सुटलं, गल्लीत "दे दान, सुटे गिराण"ची आरोळी फिरून गेली, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. भर दुपारी आजी पांढरं नऊवार लुगडं नेसून अंगणात केस वाळवत बसली होती. मामा म्हणाला, "एक शिल्लक आहे, आजीचा घे." आजी नको नको म्हणत पदर सारखा करू लागली. मी खटका दाबला. खटक्यावर ढग होता तो ढगच राहिला. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता.

आठवड्याने नांदेडहून रोल धुऊन आला. आठ फोटोंत सूर्य शोधावा लागला. सापडला तेव्हा तो अनारशावरच्या खसखशीच्या दाण्याएवढा होता आणि त्याच्या शेजारी अण्णांच्या मनगटाचं हाड अस्पष्टपणे तरंगत होतं. बाराव्या फोटोत अंगण नव्हतं, भिंत नव्हती, आजीही नव्हती. एक पांढरा चौकोन, त्यात वरच्या बाजूला केसांची जराशी सावली. दुकानातला पोरगा म्हणाला, "जळालाय." अण्णा म्हणाले, "बारा फोटोंचे पैसे गेले." आजी काहीच म्हणाली नाही. तिने फोटो हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि "चांगलाय की" म्हणून देवाच्या फळीवर ठेवून दिला. हे मात्र मला लागलं.

तेव्हापासून उजेड मोजणे या विषयाचा मी नाद घेतला. बँकेतल्या खात्यांतर्गत परीक्षेचं पुस्तक उघडून त्याच्या आत मी फोटोग्राफीचं पुस्तक वाचलेलं आहे. बढती का मिळाली नाही याचं उत्तर त्यातच आहे. कॉमर्स शिकलेल्या माणसाला या विद्येत एक गोष्ट चटकन समजते. इथे सगळं दामदुपटीत चालतं. छिद्र एक पायरी उघडलं की उजेड दुप्पट, शटर एक पायरी हळू केलं की दुप्पट, फिल्मचा स्पीड शंभरावरून दोनशे केला की दुप्पट. आपल्या जुन्या धर्मशास्त्राने सावकाराला निदान लगाम घातला होता, की एका वेळी व्याज मुद्दलाच्या वर घ्यायचं नाही. उजेडाला असला कुठलाच कायदा नाही. कडक उन्हासाठी जगभरच्या फोटोवाल्यांचा एक तोंडी हिशेब आहे : छिद्र सोळा नंबरचं आणि शटर फिल्मच्या स्पीडइतकं, म्हणजे चारशेच्या फिल्मला सेकंदाचा चारशेवा भाग. त्या हिशेबाने माझ्या डबा कॅमेऱ्याने, चारशेच्या फिल्मवर, ढगाच्या खुणेवर आजीला किती उजेड दिला ते मी मांडून पाहिलं. दोन, चार, आठ, सोळा... आकडा पंचवीसपटीच्या आसपास गेला. मी बँकेत नोकरीला लागल्यावर एवढा फरक आढळला असता तर निलंबित झालो असतो.

आणि या नादात वाचता वाचता मला भेटलं जेऊर.

जेऊर म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं, दौंड–सोलापूर रेल्वेवरचं स्टेशन. २२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावस्या. त्या दुपारी खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गापाशी चढला आणि घाट ओलांडून जेऊरवरून वऱ्हाडाकडे गेला. आमचं डोंगरकडं त्या पट्ट्याच्या मध्यावर नव्हतं, जरा दक्षिणेला. पण सूर्याचा फार मोठा हिस्सा आमच्याकडेही झाकला गेला असणार, आणि माझ्या पणजीने चकल्यांवर नसली तरी लोणच्यावर तुळस ठेवलीच असणार. तेव्हा आम्ही निजामाच्या मुलखात. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. निजामाचा दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ, माणूस थोर. त्याने १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी खास जनाना स्टुडिओ काढला. पण आमच्या बाजूच्या बायका इतक्या पडद्याआड होत्या की, तो पडदा चुलीच्या धुराचा असून तिथे कुणाचाच स्टुडिओ पोचत नव्हता.

काळ कसला होता पाहा. दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते, प्लेग चालू होता. पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्याला त्या दिवशी बरोबर सात महिने झाले होते, टिळक तुरुंगात होते. आणि अशा वेळी जगभरचे ज्योतिषी पेट्यांवर पेट्या घेऊन आपल्याकडे उतरले. विजयदुर्गावर आले सर नॉर्मन लॉकयर. मदतीला मेलपोमिनी नावाच्या आरमारी जहाजावरचे लोक. तिथे अजून ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, आणि हेलियमचा शोध १८६८ साली याच ओट्यांवर लागला असं छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर इंग्लंडातच होते, विजयदुर्गावर आले ते तीस वर्षांनी. पण आपल्या गावाचा मोठेपणा कुणी आकडे तपासून कमी करू नये. ते काम ऑडिटरचं.

जेऊरला उतरले अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलसाहेब, सोबत त्यांची पत्नी. आणि सोबत चाळीस फुटांचा कॅमेरा. पुन्हा वाचा. चाळीस फूट. लेन्स जेमतेम पाच इंचांची, ती उंच मचाणावर; खाली जमिनीत प्लेट ठेवायची जागा, मधे अंधाराचा लांबलचक बोगदा. सूर्य आकाशात सरकतो म्हणून प्लेटही घड्याळाच्या यंत्राने रुळावरून हळूहळू सरकवायची. एवढा खटाटोप कशासाठी? तर लेन्सपासून प्लेट जितकी लांब, तितकं सूर्याचं चित्र मोठं. माझ्या डब्यात ते खसखशीएवढं आलं. जेऊरला ते साडेचार इंचांचं, म्हणजे चांगलं फुगलेल्या पुरीएवढं येत होतं.

आणि त्यासाठी वेळ? जेमतेम दोन मिनिटं. समुद्र ओलांडून, प्लेगच्या मुलखात तंबू ठोकून, आठवडेच्या आठवडे बांधकाम करून, शेवटी हातात दोन मिनिटं. आमच्याकडे कर्जाच्या अर्जावर सही करायला याहून जास्त लागतात. शिवाय सूर्य काही "जरा थांबा, पुन्हा एकदा" म्हणून थांबणाऱ्यातला नाही. चुकलं तर पुढच्या ग्रहणापर्यंत वाट पाहायची, तेही दुसऱ्या कुठल्यातरी खंडात. त्यामुळे ग्रहणाआधी या मंडळींच्या रंगीत तालमी चालत. कुणी प्लेट घालायची, कुणी झाकण काढायचं, कुणी मोठ्याने सेकंद मोजायचे. डोकं वर करून ग्रहण बघायला त्यातल्या कितीकांना मिळत असेल, देव जाणे. लग्नात वाढप्याला नवरी दिसत नाही, तसलाच प्रकार.

पण खरी गोम उजेडाचीच. ग्रहण खग्रास झालं की काळ्या चंद्राभोवती सूर्याचा प्रभामंडल दिसतो. तो सूर्यबिंबापेक्षा सुमारे दहा लाख पटींनी मंद. तेवढंच असतं तर भागलं असतं. पण तो सगळीकडे सारखा मंद नाही. चंद्राच्या कडेशी झगझगीत, आणि बाहेर जावं तसतसा झपाट्याने विरत जाणारा. आतल्या भागाला मानवेल एवढाच उजेड प्लेटला द्यावा, तर बाहेरचे पिसारे उमटतच नाहीत. पिसाऱ्यांसाठी प्लेट जास्त वेळ उघडी ठेवावी, तर आतला भाग जळून पांढरा चौकोन. आमची आजी! अंगणातलं ऊन, पांढरं लुगडं आणि सावलीतला चेहरा यांचा हिशेब न जमलेला मी एकटाच नव्हतो, हे वाचून मला केवढा धीर आला.

याचं शास्त्र तोवर जवळजवळ नवंच होतं. पंधराव्या मिनिटाला झाकण लावायचं की विसाव्या, हे आधीचे फोटोवाले अंगात आल्यासारखं ठरवत. १८५१ साली प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला बर्कोव्स्की नावाच्या माणसाने खग्रास ग्रहणाचा पहिला नीट फोटो काढला, तो चौऱ्याऐंशी सेकंद उघडझाप न करता. पुढे ओल्या प्लेटा आल्या. त्या वाळायच्या आत वापराव्या लागत. १८७१ साली मॅडॉक्स नावाच्या डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटचा मार्ग काढला. आणि १८९० साली इंग्लंडात विडनेस गावच्या रसायनांच्या कारखान्यातल्या दोघा नोकरदारांनी, हुर्टर आणि ड्रिफील्ड यांनी, प्लेटवर उजेड किती पडला म्हणजे काळेपणा किती येतो याचा आलेखच मांडला. फावल्या वेळात. नोकरी सांभाळून! माझा या दोघांवर फार जीव आहे.

त्यांचा तो आलेख बँकेतल्या माणसाला शिकवावा लागत नाही. सुरुवातीला थोडा उजेड पडला तरी प्लेट ढिम्म. किमान शिल्लक पूर्ण होईपर्यंत खातं चालूच होत नाही. मग एक सरळ चढण. जेवढं भराल तेवढं जमा, प्रामाणिकपणे. आणि शेवटी वर जाऊन रेघ आडवी होते. आता कितीही ओता, प्लेट म्हणते, भरलं माझं. आजीचा फोटो त्या वरच्या आडव्या रेघेपाशी गेला होता. पण नक्की कुठे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि पुढची गोष्ट सगळी त्या ‘नक्की कुठे’वर आहे.

१८९८ साली या उजेडाच्या दुहेरी पेचातून लोकांनी आपापल्या परीने वाट काढली. सरळ वाट म्हणजे दोन मिनिटांत निरनिराळ्या वेळेच्या अनेक प्लेटा काढायच्या : एक निमिषभराची, एक काही सेकंदांची, एक त्याहून मोठी. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेही जेऊरलाच तळ ठोकून होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात त्यांची वेधशाळा उभी राहिली होती आणि तिच्यातली वीस इंची दुर्बीण तेव्हा हिंदुस्थानात सगळ्यांत मोठी. त्यांनी प्रभामंडलाचे आणि त्याच्या वर्णपटाचे फोटो घेतले, नीट अहवाल लिहिला, तो १९०२ साली छापून निघाला. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडईकनालला गेली. पुण्यात आज किती जणांना हे नाव ठाऊक आहे, हे विचारायची सोय नाही. पुणेकरांना माहीत नसलेली गोष्ट विचारणं धोक्याचं असतं.

वऱ्हाडात तळणीला होत्या अॅनी माँडर. यांच्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते, कारण या ग्रीनिच वेधशाळेत ‘कंप्यूटर’ होत्या. तेव्हा कंप्यूटर हे यंत्र नव्हतं, ती नोकरी होती. आकडेमोड करणारा कारकून म्हणजे कंप्यूटर, पगार महिना चार पौंड. १८९५ साली लग्न केलं म्हणून नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. तर या माजी कारकून बाईंनी तळणीला नेला दीड इंची लेन्सचा छोटा कॅमेरा. चाळीस फुटांच्या मचाणापुढे तो म्हणजे आमच्या क्लिक थ्रीचाच भाऊबंद. आणि त्या छोट्या कॅमेऱ्यात सूर्याच्या प्रभामंडलाचा एक इतका लांब पिसारा उमटला की, तोवर कुणाच्याही फोटोत एवढा आला नव्हता. मंद उजेड टिपायला लांबलचक नळकांडं नव्हे, तर लेन्स आखूड अंतराची आणि त्या मानाने रुंद लागते, हे बाईंनी बरोबर हेरलं होतं. कारकुनाला कमी लेखू नये.

पण माझा खरा हिरो ऑकलंडच्या चॅबॉट वेधशाळेचा चार्ल्स बर्कहाल्टर. त्याने म्हटलं, पाच प्लेटा कशाला? एकाच प्लेटच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळा उजेड देऊ. त्याने प्लेटच्या अगदी पुढ्यात एक पत्र्याची चकती बसवली, विशिष्ट आकारात कापलेली, गरगर फिरणारी. तिची कापणी अशी, की फिरताना ती मधला झगझगीत भाग जास्त वेळ झाकायची आणि बाहेरच्या मंद भागावरून चटकन निघून जायची. आत थोडा उजेड, बाहेर भरपूर. ज्याला जेवढं पचेल तेवढं. आमच्या आजीची पंगत वाढायची पद्धत नेमकी हीच. १८९६ साली हे यंत्र घेऊन हा माणूस जपानला गेला आणि ऐन वेळी ढग आले. दोन वर्षांनी तेच यंत्र घेऊन तो हिंदुस्थानात आला. आपल्या जानेवारीच्या आकाशाने त्याला दगा दिला नाही, यंत्र चाललं.

आता परत आजीकडे.

२००१ साली आजी गेली. दहाव्याला फोटो हवा म्हणून घरभर शोध झाला. देवाच्या फळीवर तो पांढरा चौकोन होता, हळदीकुंकवाचे डाग पडलेला. अण्णा तो हातात घेऊन नुसते बसून राहिले. त्यांना आईचा चेहरा आठवत होता, पण दाखवता येत नव्हता. मी तेव्हा बी.कॉम. होऊन नोकरीच्या परीक्षा देत होतो. रात्री मला आठवलं की निगेटिव्ह माझ्या अकाउंटन्सीच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक मी फारसं उघडलं नसल्यामुळे ती सुरक्षित होती.

नांदेडला एक म्हातारे स्टुडिओवाले होते, कृष्णधवलच्या जमान्यातले. रंगीत फोटोंच्या यंत्रांनी त्यांचा धंदा खाल्ला होता. डार्करूममध्ये एन्लार्जर होता तो बहुधा सवय म्हणून. मी निगेटिव्ह पुढे केली आणि म्हणालो, "चाचा, जळालेली आहे."

त्यांनी ती बल्बसमोर धरली. कोळशासारखी काळी होती. दोन मिनिटं, अगदी जेऊरएवढी, ते काही बोलले नाहीत.

"जळली कुठे बेटा? काळी आहे म्हणजे आत माल आहे. कोरी असती तर मी काय, खुदासुद्धा काही काढू शकला नसता. जास्त झालेलं वसूल होतं. जमाच नाही झालं ते कुठून आणायचं?"

बँकिंगची याहून चांगली व्याख्या मला पुढे कुठल्याही परीक्षेत आढळली नाही.

मग अंधारात लाल दिव्याखाली त्यांनी कागदाच्या पट्ट्यांवर चाचणी सुरू केली. दहा सेकंद, वीस, चाळीस. केस आले, भिंत आली, चेहरा येईना. पांढऱ्या लुगड्याचा उजेड चेहऱ्यापर्यंत चढलेला. तेव्हा त्यांनी खोक्याचा एक पुठ्ठा घेतला, कात्रीने त्याला रुपयाएवढं भोक पाडलं, आणि पुठ्ठा एन्लार्जरखाली धरून त्या भोकातून फक्त चेहऱ्यावर उजेड सोडत राहिले. हात सतत हलता, गोल गोल, एका जागी थांबू न देता. बाकी आजी झाकलेली, चेहरा तेवढा उघडा. तोंडाने सेकंद मोजत होते, उर्दूत. साठ मोजले, नव्वद मोजले, मला वाटलं विसरले. मग कागद पाण्यासारख्या दिसणाऱ्या औषधात टाकला आणि म्हणाले, "देखो."

आधी डोळे आले. मग कपाळावरची आठी, उन्हामुळे पडलेली की माझ्यामुळे ते सांगता येत नाही. मग हनुवटीवरचं गोंदण. शेवटी पदर सारखा करणारा हात, त्याची नुसती कड.

बर्कहाल्टरची चकती मी तोवर वाचलेली नव्हती. वाचली तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे आला तो खोक्याचा पुठ्ठा. चाचांना कुणी सांगितलं असतं की तुमच्या हातात आहे ती युक्ती एका अमेरिकनाने सूर्यासाठी पत्र्याची बनवून सातासमुद्रापलीकडून आणली होती, तर ते म्हणाले असते, हात असताना पत्रा कशाला? त्यांनी पंधरा रुपये घेतले. वीस दिले तर पाच परत केले.

फोटो बैठकीत लावला आहे. नीट पाहिलं तर चेहऱ्याभोवती एक काळसर गोल कडं दिसतं. पुठ्ठ्याच्या भोकातून उजेड जरा जास्त सांडला त्याची खूण. येणारे-जाणारे पाहुणे त्याला प्रभावळ समजतात आणि हात जोडतात. परवा आमच्या शाखेतले नवे साहेब घरी चहाला आले होते, तेही जोडून गेले. धाकटी मुलगी मोबाईलवर त्याच फोटोचा फोटो घेत होती. मोबाईलने क्षणार्धात उजेडाचं काय ते आपलं आपण ठरवलं आणि ते कडं पुसून टाकलं. मी तिला तो फोटो खोडायला लावला आणि पुन्हा काढायला सांगितला. दुसऱ्या वेळीही पुसलं. तिसऱ्या वेळी तिने चौकटीची काच काढली, खिडकी अर्धी लोटली, आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा उजेडातून बाजूला व्हा."